पॅरिसच्या बागेतला नळ आणि आपल्या कॉलनीतली वाहती बोअर

नाशिकच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. त्या मुलीकडे पॅरिसला गेल्या होत्या. तिथे सोळाव्या विभागात स्क्वेअर लामार्तीन नावाची छोटी बाग आहे. बागेत सार्वजनिक नळ आहे आणि आसपासचे लोक बाटल्या, कॅन घेऊन तिथे पाणी भरायला येतात. मुलीने सांगितलं, ही आर्टेशियन विहीर, जवळजवळ सहाशे मीटर खोल, पाणी आपोआप वर येतं. ताईंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. पंपाशिवाय पाणी खरंच वर येतं का? दीडशेहून जास्त वर्षं उपसा चालू आहे, तरी ते संपत कसं नाही? आणि तिसरं, त्यांची कॉलनी टेकडीच्या पायथ्याशी आहे. कॉलनीच्या बागेतली कित्येक वर्षं बंद पडलेली बोअर गेल्या ऑगस्टमध्ये आपणहून वाहू लागली आणि दिवाळीपर्यंत वाहत राहिली. तीही आर्टेशियनच का, आणि पॅरिससारखा नळ बसवून ते पाणी लोकांना द्यावं का?

ताई, तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते कामाचं आहे. नळ जरूर बसवा, पण बंद करता येईल असा बसवा. आणि पाणी तपासून येईपर्यंत तिथे ‘पिण्याचे पाणी’ अशी पाटी लावू नका. हे दोन्ही मी एवढं ठासून का सांगतोय ते कळायला पॅरिसची हकीकत ऐकावी लागेल, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे: पाणी आपोआप वर येत होतं. आता येत नाही. आज पॅरिसमध्ये त्या थरातलं पाणी पंपाने उचलावं लागतं.

आर्टेशियन हे नाव उत्तर फ्रान्समधल्या आर्त्वा प्रांतावरून पडलं. तिथल्या लिलेर गावच्या मठातल्या ११२६ सालच्या विहिरीचा दाखला नेहमी दिला जातो. तिथे जमिनीला बारीक भोक पाडलं की पाणी वर येऊन वाहायचं. शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनी ती बशीसारखी आकृती काढलेली असते, दोन अच्छिद्र थरांच्या मध्ये एक पाणीदार थर. पॅरिसचा परिसर हा त्या आकृतीचा जवळजवळ आदर्श नमुना आहे. एकात एक ठेवलेल्या थाळ्यांसारखे खडकांचे थर आहेत आणि पॅरिस थाळीच्या मधोमध बसलंय. शहराच्या खाली पाचशे-साडेपाचशे मीटरवर हिरवट वाळूचा एक थर आहे, भूशास्त्रात त्याला आल्बियन म्हणतात. त्याच्यावर चिकणमाती आणि त्याच्यावर शेकडो मीटर जाडीचा खडूचा दगड. हीच वाळू पूर्वेला आणि आग्नेयेला दीडशे किलोमीटरच्या पलीकडे शँपेनच्या बाजूला जमिनीवर उघडी पडते. तिथली उंची समुद्रसपाटीपासून शंभर मीटरहून जास्त, तर पॅरिसचा सेन नदीकाठचा भाग तीस-पस्तीस मीटरवर. पाऊस तिकडे वाळूत मुरतो, चिकणमातीच्या झाकणाखाली शिरतो आणि मग त्याला वर यायला वाट राहत नाही.

आपल्याकडच्या माणसाला हे समजावताना मी छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीचं उदाहरण देतो. तिथे डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या बंद नळांतून शहरात आणलं. नळ खाली उतरतात, सपाटीवरून येतात आणि शेवटी पाणी पुन्हा उंच चढून हौदात पडतं. कुठेही मोट नाही, रहाट नाही. झऱ्याची उंची हीच त्या पाण्याची ताकद. बंद नळाला वाटेत कुठेही भोक पाडलंत तर पाणी उसळणारच. आल्बियन वाळू म्हणजे निसर्गाने घातलेला असा बंद नळ. फरक इतकाच की तो वाळूने गच्च भरलेला आहे, म्हणून पाणी त्यातून फार हळू सरकतं. वर्षाला काही मीटर. पॅरिसखाली आज असलेलं पाणी हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाचं आहे.

हे सगळं कागदावर ठीक. पण १८३३ साली कोणी खाली जाऊन पाहिलेलं नव्हतं. शास्त्रज्ञ फ्रान्स्वा आरागो यांनी थरांचा उतार आणि उघड्या पडलेल्या वाळूची उंची यांवरून, इथे पाणी लागेल आणि जमिनीच्या वर येईल, असं ठामपणे मांडलं होतं. पॅरिसच्या ग्रनेल भागातल्या कत्तलखान्याच्या आवारात लुई-जॉर्ज म्युलो या बोअर मारणाऱ्या कारागिराने काम सुरू केलं. आजच्या रिगसारखं काही नव्हतं. लोखंडी दांड्या एकाला एक जोडत खाली सोडायच्या, फिरवायच्या, पुन्हा सगळ्या वर काढायच्या, माती रिकामी करायची, पुन्हा सोडायच्या. चारशे मीटरच्या आसपास दांडी तुटली आणि अवजारासकट तळाला पडली. ती काढायला वर्षाहून जास्त काळ गेला. ज्यांनी बोअरमध्ये अडकलेली मोटर काढताना रात्र जागवली आहे, त्यांना यातला जीवघेणेपणा कळेल. २६ फेब्रुवारी १८४१ रोजी, सात वर्षांहून अधिक कष्टांनंतर, ५४८ मीटरवर दांडी एकदम सैल पडली आणि पाणी वर आलं. गढूळ, वाळूमिश्रित, कोमट. सुमारे २८ अंश.

ते कोमट का, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. त्याचा गंधकाशी किंवा ज्वालामुखीशी काही संबंध नाही. जमिनीत दर शंभर मीटरला साधारण तीन अंशांनी तापमान वाढतं. पॅरिसची वर्षभराची सरासरी ११-१२ अंश, त्यात साडेपाचशे मीटरचे सोळा-सतरा अंश मिळवा, हिशेब जुळतो. तेराव्या विभागातल्या ब्यूत-ओ-काय भागात पोल व्हेर्लेन चौकात याच थराचं पाणी देणारा आणखी एक नळ आहे. त्याच्या शेजारी १९२४ मध्ये बांधलेला पोहण्याचा तलाव आहे आणि तो याच २८ अंशांच्या पाण्यासाठी तिथे बांधला. पुन्हा पॅरिसला गेलात तर तोही बघून या. रस्त्यावर ठिकठिकाणी हिरव्या लोखंडी मूर्तींची जी पाणपोई दिसते, ती मात्र यात धरू नका. ती १८७२ पासूनची वॉलेस कारंजी, त्यांना शहराचं नेहमीचं नळाचं पाणी असतं.

आता तुम्ही पाहिलेली विहीर. स्क्वेअर लामार्तीन म्हणजे पूर्वीची, पॅरिसच्या पासी भागातली विहीर. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात ब्वा द बुलोन्य या मोठ्या उपवनातले तलाव आणि ओढे भरायला पाणी हवं होतं. १८५५ मध्ये काम सुरू झालं. या वेळी सॅक्सनीचा अभियंता किंड याने ग्रनेलपेक्षा कितीतरी रुंद भोक घ्यायचं ठरवलं. पाचशे मीटर पार झाल्यावर घात झाला, पण तळाशी नाही. वरच्या चिकणमातीच्या थरातच लोखंडी नळ बाहेरच्या दाबाने चेपला. पाण्यापर्यंत थोडंच अंतर उरलेलं असताना जवळजवळ तीन वर्षं त्या दुरुस्तीत गेली. हे मी मुद्दाम सांगतोय. तीस-पस्तीस वर्षं बोअरची कामं बघतोय, वाया गेलेल्या बोअरपैकी बहुतेक वरच्या पंधरा-वीस मीटरमध्येच वाया गेलेल्या असतात. केसिंग (बोअरच्या कडा ढासळू नयेत म्हणून आत घातलेला नळ) आखूड, केसिंग हलकं, केसिंगच्या बाहेरची पोकळी भरलेलीच नाही. खाली पाणी असतं, पण तिथवर जाणारा नळ नीट नसतो.

२४ सप्टेंबर १८६१ रोजी ५८६ मीटरवर पासीला पाणी लागलं. सुरुवातीला दिवसाला वीस हजार घनमीटरच्या घरात, म्हणजे आपल्या दहा हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर रोजचे दोन हजार टँकर. सगळं शहर बघायला लोटलं. आणि तिथून तीन-साडेतीन किलोमीटरवर, दोन दिवसांच्या आत, ग्रनेलच्या विहिरीचा प्रवाह कमी झाला.

माझ्या दृष्टीने या पूर्ण कथेतला हा सर्वांत मोलाचा क्षण आहे. पाणी वर्षाला काही मीटर सरकतं, मग दोन दिवसांत साडेतीन किलोमीटर कसं पोचलं? पोचलं ते पाणी नव्हे, दाब कमी झाल्याची वर्दी पोचली. घरात वरच्या मजल्यावर तुम्ही आंघोळ करत असताना खालच्या मजल्यावर कोणी नळ पूर्ण सोडला की तुमची धार लगेच बारीक होते, तसंच हे. खालच्या नळाचं पाणी वरून आलेलं नसतं, पण दाब दोघांचा एकच असतो.

इथे एक आकडा समजून घेतलात की आर्टेशियन विहिरीचं गणित कायमचं ध्यानात राहील. साध्या उघड्या वाळूत, नदीकाठच्या आडासारख्या ठिकाणी, पाण्याची पातळी एक मीटर खाली नेली तर एक चौरस मीटर जागेतून दीडशे-दोनशे लिटर पाणी मिळतं. वाळूच्या कणांमधली जागा खरोखर रिकामी होते. झाकणबंद आर्टेशियन थरात तसं होत नाही. तिथे वाळू भरलेलीच राहते. दाब कमी झाला की वाळूचा सांगाडा किंचित दबतो, पाणी किंचित फुगतं, आणि तेवढंच पाणी बाहेर येतं. एक मीटर दाब उतरवून एका चौरस मीटरमागे मिळतं ते जेमतेम अर्धा लिटर, कधी त्याहून कमी. म्हणजे तेवढ्याच पाण्यासाठी आर्टेशियन थरातली पातळी शेकडो पट जास्त उतरते, आणि ती उतरण्याची झळ शेकडो पट मोठ्या परिसराला लागते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच. पाणी संपलेलं नाही, आल्बियन वाळू अजून पाण्याने भरलेलीच आहे. संपला तो दाब. पासीनंतर शहरात आणि उपनगरांत आणखी विहिरी झाल्या, विसाव्या शतकात कारखान्यांनी बोअर घेतल्या, प्रत्येकाने थोडा थोडा दाब खर्च केला आणि पातळी जमिनीच्या खाली गेली. फ्रान्स सरकारने १९३५ मध्ये पॅरिस परिसरातल्या ऐंशी मीटरपेक्षा खोल बोअरवर परवान्याचं बंधन आणलं. पुढे तर हा थर शहराची आणीबाणीची शिदोरी म्हणून राखून ठेवला. नदीचं पाणी दूषित झालं, एखादा मोठा अपघात झाला, तर वापरायला. नेहमीच्या उपशावर मर्यादा आल्यावर पातळी काही प्रमाणात सावरली. तुम्ही ज्या नळावर लोकांची रांग पाहिलीत, तो या राखलेल्या साठ्यातून दिलेला लहानसा वाटा आहे. मला ही व्यवस्था फार आवडते. साठा कुलपात ठेवला, पण बागेतला नळ तोडला नाही. लोकांना त्या पाण्याची चव माहीत आहे, म्हणून त्याची काळजीही आहे.

इतर ठिकाणी काय झालं ते झटकन सांगतो. लंडनच्या ट्रफाल्गर चौकातली कारंजी १८४० च्या दशकात आर्टेशियन विहिरींवर चालायची. शहराने इतका उपसा केला की १९६० च्या दशकापर्यंत खडूच्या दगडातली पातळी समुद्रसपाटीच्याही कितीतरी खाली गेली. मग कारखाने बंद पडले, उपसा थांबला आणि पाणी परत चढू लागलं. नव्वदच्या दशकात भुयारी रेल्वे आणि इमारतींचे पाये वाचवायला ते पुन्हा उपसायची योजना करावी लागली. ऑस्ट्रेलियाचं आर्टेशियन खोरं सतरा लाख चौरस किलोमीटरचं, आपल्या महाराष्ट्राच्या पाचपटीहून मोठं. १८७८ नंतर तिथे शेकडो बोअर मारल्या आणि पाणी उघड्या मातीच्या चरांतून मैलोन्‌मैल सोडून दिलं. त्यातलं बहुतेक जिरून आणि वाफ होऊन जायचं. १९९९ पासून सरकार आणि जमीनमालक मिळून त्या बोअरना झडपा बसवतायत, चरांऐवजी नळ टाकतायत, आणि काही भागांत दाब परत वाढलाय. आपल्या उत्तराखंडच्या तराईतही अशा वाहत्या बोअर आहेत आणि तिथेही उन्हाळी भातामुळे त्यांची धार आटत चालली आहे.

भारतातलं जे उदाहरण मी विद्यार्थ्यांना हमखास सांगतो ते तमिळनाडूतल्या नेयवेलीचं. तिथे लिग्नाइट कोळशाच्या थराखाली आर्टेशियन वाळू आहे. खाण खणत जावं तसं वरचं वजन कमी होतं आणि खालचं पाणी चौरस सेंटिमीटरला सहा ते आठ किलोच्या दाबाने खाणीचा तळ वर ढकलू लागतं. तळ फुटला तर खाण बुडाली. म्हणून कोळसा काढण्याच्या आधीपासून आजपर्यंत, रात्रंदिवस, खाणीभोवती पंप चालवून तो दाब उतरवत ठेवावा लागतो. पाण्याचा दाब म्हणजे काय हे कारंजं बघून जेवढं कळत नाही तेवढं तिथे कळतं. आपल्या टाकीवाल्या हिशेबात सांगायचं तर दहा मीटर उंच पाणी म्हणजे एक किलो दाब. सहा ते आठ किलो म्हणजे साठ ते ऐंशी मीटर, वीस मजली इमारतीच्या गच्चीवर टाकी ठेवल्यासारखं.

आता महाराष्ट्राकडे येतो. आपल्या राज्याचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग काळ्या पाषाणाचा, बेसॉल्टचा. पॅरिससारखी शेकडो किलोमीटर पसरलेली वाळूची अखंड थाळी आपल्याकडे नाही. लाव्ह्याचे एकावर एक थर आहेत. प्रत्येक थरात खाली घट्ट कातळ, वर भोकांभोकांचा मऊ खडक, आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे गेरूसारखा तांबडा थर. पाणी राहतं ते मुरमात, मऊ खडकात, भेगांमध्ये आणि दोन थरांच्या सांध्यात. एखाद्या टेकडीच्या कडेला असा सांधा उघडा असेल, पावसाळ्यात त्यात पाणी मुरत असेल, आणि वरचा घट्ट कातळ पायथ्यापर्यंत झाकण म्हणून सलग असेल, तर पायथ्याला मारलेली बोअर वाहू शकते. म्हणजे आर्टेशियन तत्त्व आपल्याकडेही चालतं, पण एका टेकडीपुरतं, एका पावसाळ्यापुरतं. थाळी लहान, म्हणून शिदोरीही लहान.

सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या एका गावात मी हे नीट मोजलं होतं. सत्तर मीटरची बोअर, ऑगस्टमध्ये केसिंगच्या तोंडातून पाणी उसळत होतं. मी पोचलो तेव्हा केसिंगला हळदीकुंकू लावलेलं, शेजारी नारळ फोडलेला, आणि ज्या पाणाड्याने जागा दाखवली होती त्याचा फेटा बांधून सत्कार झालेला. मी दोनच गोष्टी केल्या. केसिंगला पीव्हीसीचा पाइप जोडून उभा धरला आणि पाणी कुठवर चढतं ते पाहिलं. जमिनीपासून एक मीटर साठ सेंटिमीटरवर ते थांबलं. मग तीस पावलांवरचा जुना आड मोजला. त्यातलं पाणी जमिनीच्या दोन मीटर खाली होतं. एकाच अंगणात दोन पाणी, मध्ये साडेतीन मीटरचा फरक. आड वरच्या मुरमातलं पाणी दाखवत होता, बोअर खालच्या झाकणबंद थरातलं. हीच आर्टेशियन असण्याची खूण. दोन्ही पातळ्या सारख्या आल्या असत्या, तर तो फक्त जमीन तुडुंब भरल्याचा प्रकार ठरला असता.

मग पंधरा लिटरची बादली धरली. वीस सेकंदांत भरली. मिनिटाला पंचेचाळीस लिटर, दिवसाला पासष्ट हजार. ते पाणी रात्रंदिवस शेजारच्या ओढ्यात जात होतं, ज्या ओढ्याला त्या दिवसांत पाण्याची काहीच गरज नव्हती. तीन महिन्यांत अठ्ठावन्न लाख लिटर. सरपंचांना मी ते टँकरमध्ये करून सांगितलं, पाचशे ऐंशी टँकर, तेव्हा ते गप्प झाले, कारण मार्च-एप्रिलमध्ये त्याच गावाला टँकर लागायचा. पुढच्या वर्षी त्यांनी झडप बसवली. संक्रांतीला पातळी आदल्या वर्षीपेक्षा वर होती. सगळं श्रेय झडपेला देणार नाही, त्या वर्षीचा पाऊस वेगळा होता, आणि बेसॉल्टमध्ये झडप लावली तरी थोडं पाणी इतर भेगांतून झिरपून जातंच. पण जे आपल्या हातात होतं ते वाया गेलं नाही.

तर ताई, तुमची बोअर. ती शहरात आहे, म्हणून पहिला संशय मी आर्टेशियनवर घेणार नाही. पहिला संशय फुटलेल्या जलवाहिनीवर आणि दुसरा ड्रेनेजवर. टेकडीच्या उतारावर कुठे मुख्य नळ गळत असेल तर ते पाणी भेगांतून तुमच्या बोअरपर्यंत सहज येतं. पाणीपुरवठ्याच्या वेळेत धार जोर धरते का, ते दोन दिवस बघा. ग्रामपंचायतीत क्लोरिन बघायला ओटीचे थेंब टाकतात, ती चाचणी करा. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर ते महापालिकेचं पाणी आहे, तुमच्या टेकडीचं नव्हे. मात्र पिवळं झालं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, मातीतून येताना क्लोरिन उडून गेलेला असू शकतो. नायट्रेट जास्त आलं किंवा जंतूंच्या चाचणीची एच-टू-एसची बाटली काळी पडली, तर ड्रेनेजचा संबंध शोधा. तुमची बोअर दिवाळीपर्यंत वाहिली आणि मग थांबली, यावरून ती पावसाच्या पाण्याची असण्याची शक्यता मला जास्त वाटते, पण पाणी पिण्याआधी शक्यता पुरेशी नसते.

लोकांचा एक समज मला मनापासून खोडून काढावासा वाटतो की आपोआप वर आलेलं पाणी शुद्धच असतं. खोल झाकणबंद थरातलं पाणी जंतूंपासून बरंच सुरक्षित असतं हे खरं. पण ते जितकं जास्त काळ खडकात राहतं तितकं खडकातलं काहीतरी घेऊन येतं. पॅरिसच्या या पाण्यात लोह आहे. असं पाणी भरताना काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि हवा लागली की भांड्याच्या तळाशी तांबूस साका धरतो. लोह त्रास देत नाही, निदान दिसतं तरी. फ्लोराइड दिसत नाही, चवीला लागत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडे खोल बोअरच्या पाण्यामुळे मुलांच्या दातांवर डाग आणि मोठ्यांच्या सांध्यांत ताठरपणा आलेला मी पाहिलाय. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात तर खोल गेलं की पाणी आणखी खारट होतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना द्या, पावसाळ्यात एकदा आणि हिवाळ्यात एकदा. दोन्ही अहवाल चांगले आले तरी दर वर्षी पुन्हा.

झडप बसवण्याआधी केसिंग तपासा. आपल्याकडे मुरूम संपला की केसिंग संपतं आणि त्याच्या बाहेरची पोकळी कोणी भरत नाही. अशा बोअरचं तोंड बंद केलं तर पाणी केसिंगच्या बाहेरून वर येतं, बाग चिखल होते आणि पावसाचं घाण पाणी त्याच वाटेने खाली जातं. म्हणून आधी केसिंगभोवती निदान तीन मीटर खोल सिमेंटचं ग्राउटिंग करून घ्या, म्हणजे ती पोकळी सिमेंटने भरून घ्या, वर ओटा बांधा, ओट्याला बाहेरच्या बाजूला उतार द्या. मग लोखंडी झाकण, त्याला दाबमापी आणि झडप. झडप सावकाश बंद करायची, एकदम नाही, आणि पुढचे दोन दिवस ओट्याच्या आजूबाजूला ओल फुटते का ते बघायचं. बागेच्या झाडांसाठी एक जोड काढा, लोकांसाठी आपोआप मिटणारी तोटी लावा. धार कमी वाटली म्हणून बोअर आणखी खोल मारायच्या फंदात पडू नका. राज्याच्या २००९ च्या भूजल अधिनियमात साठ मीटरपेक्षा खोल गेलेल्या विहिरीला खोल विहीर धरून वेगळे नियम लावलेत, आणि तुमच्या टेकडीच्या बाबतीत खोल गेल्याने पाणी वाढण्यापेक्षा खालच्या कोरड्या भेगेत निसटून जायची भीती जास्त.

आणि एक वही ठेवा. भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तेच महिने धरा, शिवाय बोअर वाहत असेल तेव्हा ऑगस्टची एक नोंद. पाणी जमिनीच्या वर असेल तर दाबमापी वाचा, खाली असेल तर मेजपट्टीच्या टोकाला शिशाचं वजन बांधून खाली सोडा. पट्टीच्या शेवटच्या हातभर भागाला खडू चोळून घ्या, म्हणजे पाणी कुठवर लागलं ते ओल्या खडूवरून स्पष्ट दिसतं. जवळपास एखादा जुना आड किंवा उथळ विहीर असेल तर त्याच दिवशी तीही मोजा. एका वर्षाचे आकडे मला पाठवा, मग तुमच्या टेकडीच्या पोटात थाळी आहे की नुसती भेग, ते मी खात्रीने सांगू शकेन.